पगार रुपयात, राहायचं परदेशात: चियांग माई (थायलंड), पेनांग (मलेशिया) की पोर्तुगाल? अनुभव हवेत

वाकडकर_वाटसरू:
मंडळी नमस्कार. बरीच वर्षं रोमात (नुसता वाचक) आहे, धागा पहिल्यांदाच काढतोय, चूकभूल द्यावी घ्यावी.

मी ३६, बायको ३४, दोघंही घरून काम करतो. मी पुण्यातल्याच एका प्रॉडक्ट कंपनीत, पगार रुपयात. ती फ्रीलान्स इलस्ट्रेशन करते, तिचे दोन क्लायंट अमेरिकेतले, म्हणजे पैसे डॉलरमध्ये पण दर महिन्याला येतीलच याचा भरवसा नाही. मुलगी पाच वर्षांची. वाकडला टूबीएचके, भाडं ३२ हजार अधिक मेंटेनन्स. खिडकी उघडली की समोरच्या साइटची धूळ, रस्ता गेली दोन वर्षं खोदलेलाच आहे, आणि मुलीला गेल्या हिवाळ्यात तीनदा नेब्युलायझर लावावा लागला. तिसऱ्यांदा हॉस्पिटलमधून घरी येताना रिक्षात बसल्या बसल्या ठरवलं की एक वर्ष तरी बाहेर राहून बघू.

जानेवारीत निघायचा विचार आहे. यूट्यूबवर बघावं तर चियांग माईमध्ये म्हणे हजार डॉलरमध्ये राजासारखं राहता येतं. बजेट महिन्याला दीड लाख रुपये, त्याच्या वर झेपणार नाही. एचआरशी कॉलवर बोललो, "हो हो काही प्रॉब्लेम नाही" म्हणाले. कोणी प्रत्यक्ष राहतंय का? खरे आकडे सांगा प्लीज, व्हिडिओतले नको.

तिरकस_तात्या:
त्यापेक्षा दापोलीला जा की. हवा मस्त, मासे ताजे, व्हिसा लागत नाही. (दिवे घ्या, म्हणजे गंमत समजा)

वाकडकर_वाटसरू:
तात्या, गेलो होतो हो. लॉकडाऊनच्या वर्षी चार महिने राहिलो, सासुरवाडीच आहे. जूनमध्ये लाईट गेली ती तिसऱ्या दिवशी आली, मी डोंगरावरच्या देवळाच्या पायरीवर बसून मोबाईलच्या रेंजवर रिलीज केला होता. आता कंपनीला ते सांगायची हिंमत नाही.

निमाआक्का:
चियांग माईत दीड वर्ष झालं, आम्ही दोघंच, मुलगा बेंगळुरूला शिकतो. मिस्टर एका सिंगापूरच्या कंपनीसाठी काम करतात, मी नाशिकच्या एका फर्मची अकाउंट्स बघते, म्हणजे घरात एक पगार डॉलरचा नि एक रुपयाचा, त्यामुळे दोन्हीकडचं दुखणं कळतं.

पहिल्यांदा ते हजार डॉलर. हजार डॉलर म्हणजे २०२५ च्या शेवटच्या दराने ८८ हजारांच्या वर रुपये, आणि त्यात राजासारखा राहणारा एकटा असतो, पंचविशीचा असतो आणि त्याला आमटी लागत नाही.

आमचा मागच्या महिन्याचा हिशोब वहीतून उतरवते. सांतिथाम भागात एक बेडरूमचं घर, भाडं १४ हजार बाट. वीज-पाणी २२०० (हे नोव्हेंबरात, एप्रिलचं वेगळं सांगते), इंटरनेट ६००, खाणंपिणं किराणा बाजार सगळं मिळून १३ हजार, स्कूटर भाड्याची ३०००, पेट्रोल ५००, इन्शुरन्स दोघांचा ४५००, आणि किरकोळ म्हणून जे लिहिते ते ५ हजार, ज्याचा हिशोब मिस्टरांकडून कधीच मिळत नाही. झाले ४२,८००. बाट २०२५ च्या शेवटी पावणेतीन रुपयांच्या आसपास होता, २.७ ने गुणलं तरी एक लाख पंधरा हजार. दोन माणसांचे, शाळेशिवाय.

२०२२-२३ ला बाट सव्वादोन-अडीचला होता. म्हणजे इथे काही महाग झालं नाही तरी रुपयावाल्याला महाग झालंच. इथले गोरे लोक स्वस्त स्वस्त म्हणतात ते त्यांच्या जागी बरोबर आहेत, त्यांच्याकडे एका खोलीला जे भाडं जातं त्यात इथे घर, जेवण, मसाज सगळं होतं. तुमचं वाकडचं भाडं ३२ हजार, इथे ३२ हजारात १२ हजार बाटचा स्टुडिओ येतो, एक खोली, बाल्कनीत सिंक. ती बाल्कनी म्हणजेच किचन.

ब्रागाकर:
निमाताईंचं बाट-रुपयाचं गणित अगदी बरोबर, युरोत तर आणखी वाईट. मी पोर्तुगालमध्ये ब्रागाला आहे, जर्मन कंपनीसाठी काम करतो. वाटसरूंसाठी पोर्तुगालचा विषय दोन ओळींत संपेल बहुतेक. डी८ व्हिसाला (बाहेरच्या कंपनीचं काम इथे बसून करणाऱ्यांचा) किमान पगाराच्या चौपट उत्पन्न दाखवावं लागतं, २०२५ ला किमान पगार ८७० युरो होता म्हणजे महिन्याला ३,४८० युरो, तेव्हाचे साडेतीन लाख रुपये. बायको-मुलीसाठी त्यावर आणखी. दुसरं म्हणजे घड्याळ. पुण्यातलं सकाळी साडेनऊचं स्टँडअप (टीमची रोजची मीटिंग) हिवाळ्यात इथे पहाटे चारला.

अवांतर, पोर्तुगाल म्हणजे ऊन असं समजून मी स्वेटर आणले नव्हते. इथल्या जुन्या घरांना हीटिंग नसतं, जाड दगडी भिंती आणि डिसेंबर-जानेवारीत सलग पाऊस. बाहेर १२ डिग्री, आत पण १२ डिग्रीच. पहिल्या हिवाळ्यात कपाट सरकवलं तर मागची अख्खी भिंत काळ्या बुरशीने भरलेली, माझा लग्नातला कोट हिरवा झालेला. मग डीह्युमिडिफायर आणला, रोज रात्री दोन लिटर पाणी काढतो त्यातून. मुलीला श्वासाचा त्रास असेल तर ही घरं नकोच. आणि भाडं? दोन खोल्यांचं ८०० युरो, लिस्बनला त्यात काही मिळत नाही. नवीन येणाऱ्यांना जी टॅक्समध्ये मोठी सवलत होती ती पण २०२४ पासून त्या स्वरूपात बंद.

राहायला मात्र सुंदर गाव आहे. संध्याकाळी सहाला चौकात बसलो की सत्तर वर्षांच्या आज्या एकट्या हिंडताना दिसतात, सुरक्षित वाटतं म्हणजे काय ते त्यांच्याकडे बघून कळलं. पण ते धागाकर्त्याच्या बजेटमध्ये नाही.

निमाआक्का:
अहो मी मुद्द्याचं लिहायच्या आधीच बटण दाबलं गेलं. वाटसरू, मुलीला नेब्युलायझर लागतो आणि तुम्ही जानेवारीत चियांग माईला निघताय, हे वाचून माझ्या पोटात गोळा आला. तुम्हाला धुराचं कोणी सांगितलं नाही का?

फेब्रुवारीच्या मध्यापासून एप्रिलच्या मध्यापर्यंत इथे जाळण्याचा सीझन असतो. मक्याचं धसकट जाळतात, जंगलात वणवे लागतात, सीमेपलीकडून म्यानमारचा धूर येतो. शहर बशीसारखं, चारी बाजूंनी डोंगर, वारा नाही, धूर बसतो तो हलत नाही. २०२३ आणि २०२४ ला जगातल्या सर्वांत प्रदूषित शहरांच्या यादीत मार्च-एप्रिलमधले कित्येक दिवस चियांग माई एक नंबरला होतं, दिल्ली-लाहोरच्या वर.

माझ्या खिडकीतून दोई सुतेप डोंगर दिसतो, वर देवळाचा सोनेरी कळस. मार्चमध्ये आधी कळस गेला, मग डोंगर गेला, मग समोरची बिल्डिंग फिकट झाली. शेकोटी विझताना येतो तसा वास चोवीस तास. एअर प्युरिफायर दोन खोल्यांत दोन. फिल्टर आणला तेव्हा पांढरा शुभ्र होता, पाच आठवड्यांनी काढला तर चहाच्या गाळण्यासारखा झालेला. आणि दारं-खिडक्या बंद म्हणजे एसी सतत चालू. आता एप्रिलचं वीजबिल: मालकीण सरकारी दराने नाही, स्वतःच्या दराने लावते, ८ बाट युनिट, हाताने लिहिलेली चिठ्ठी दाराखालून सरकवते. ३६० युनिट, २,८८० बाट. घर घेताना भाड्याआधी युनिटचा दर विचारा, हे कोणी सांगत नाही.

ज्यांना परवडतं ते ते दोन महिने दक्षिणेला बेटांवर पळतात, म्हणजे भाडं दोन्हीकडे. वर्षाचा हिशोब करताना दहा महिन्यांचा करा आणि दोन महिने दुप्पट धरा. त्यात वर्षातून दोनदा भारतात येणं (येतोच, कोणाचं ना कोणाचं काही निघतंच), मागच्या वर्षी आम्हा दोघांचं तिकिटांतच सव्वा लाख गेलं. हे महिन्याच्या बजेटमध्ये कोणीच धरत नाही.

वाकडकर_वाटसरू:
आक्का, हे वाचून आम्ही दोघं पाच मिनिटं गप्प बसलो होतो. धुराबद्दल एका व्हिडिओत "बर्निंग सीझन" असा शब्द आला होता खरा, मला वाटलं उन्हाळ्याला म्हणत असतील. चियांग माई जानेवारीत कॅन्सल. पण मग नोव्हेंबर ते जानेवारी असं राहून पुढे दुसरीकडे जायचं केलं तर? व्हिसाचं पण सांगा.

निमाआक्का:
नोव्हेंबर ते जानेवारी स्वर्ग आहे, खोटं कशाला बोलू. पहाटे स्वेटर लागतो, बाजारात स्ट्रॉबेरी येते, लॉय क्राथोंगला नदीत दिवे सोडतात ते बघून मला रामकुंड आठवतं.

व्हिसा आमचा डीटीव्ही, बाहेरच्या कंपनीचं काम इथे बसून करणाऱ्यांसाठीचा. जुलै २०२४ पासून आहे, पाच वर्षांचा, एका एंट्रीला १८० दिवस. खात्यात ५ लाख बाट दाखवायचे म्हणजे साडेतेरा लाख रुपये पडून ठेवायचे, फी १० हजार बाटच्या घरात आणि ती माणशी, बायको-मुलीची वेगळी. कंपनीचं पत्र लागतं की हा माणूस बाहेरून काम करू शकतो. २०२४-२५ ला भारतीयांना ६० दिवस व्हिसाशिवाय येता यायचं पण ते फिरायला, लॅपटॉप उघडून नोकरी करायला नाही. करतात सगळे, पण तुम्ही पोर घेऊन येणार, नीट कागद करून या. घरमालकाने तुमची इमिग्रेशनला नोंद करायची असते, सलग राहिलात तर ९० दिवसांनी पत्ता कळवायचा. बँक खातं या व्हिसावर उघडताना नाकी नऊ येतात, आपलं कार्ड एटीएममध्ये घातलं की दर वेळेला दोनशेच्या वर बाट मशीनच खातं, वर आपली बँक वेगळं कापते.

आणि शाळा. इथे एका इंटरनॅशनल शाळेत भाचीसाठी चौकशी केली होती, वर्षाला साडेतीन लाख बाट म्हणाले. म्हणजे साडेनऊ लाख रुपये, पहिलीला.

रात्रपाळी:
वाटसरू, तुमच्या पोस्टमधलं सगळ्यात घातक वाक्य धूर नाही, "एचआर कॉलवर हो म्हणाले" हे आहे. मी गेल्या वर्षी मॅनेजरच्या तोंडी परवानगीवर बँकॉकला गेलो. तिसऱ्या दिवशी सकाळी लॅपटॉप लॉक. सिक्युरिटीवाल्यांच्या सिस्टीममध्ये भारताबाहेरचं लॉगिन दिसलं की आपोआप खातं बंद, अनलॉक करायला कंपनीत प्रत्यक्ष यायचं असा नियम. मॅनेजर म्हणतो मला माहीतच नव्हतं हा थायलंडला आहे. पाचव्या दिवशी परत, हॉटेलचे वीस दिवसांचे पैसे गेले ते गेले, वर वॉर्निंग लेटर. व्हीपीएन टाकून घरी असल्याचं सोंग वगैरे सल्ले मिळतील इथे, ते ऐकू नका, पकडलं गेलं तर नोकरीच जाते.

लेखी घ्या. देश, तारखा, लॅपटॉप नेण्याची परवानगी, सगळं एका मेलमध्ये. बऱ्याच कंपन्या वर्षाला ३० किंवा ६० दिवसच देतात कारण माणूस जास्त दिवस एका देशात बसून काम करायला लागला की तिथला टॅक्स कंपनीच्या मागे लागायची भीती असते.

आकडेमोड:
+१ रात्रपाळी. टॅक्सचं मी सांगतो, सीए आहे पण तुमचा सीए नाही, तेव्हा स्वतःच्या माणसाला विचारूनच करा.

लोकांची समजूत अशी की सहा महिने बाहेर राहिलं की एनआरआय आणि एनआरआय झालं की टॅक्स सुटला. जानेवारीत निघालात तर या आर्थिक वर्षापुरते तुम्ही रेसिडेंटच, नऊ महिने इथेच होतात. पुढच्या वर्षी भारतात १८२ दिवसांपेक्षा कमी राहिलात तर अनिवासी होऊ शकता, पण पगार भारतातली कंपनी भारतातल्या खात्यात टाकतेय ना? मग त्याच्यावर इथला टॅक्स आहेच, टीडीएस कापला जाणारच. उलट थायलंडमध्ये कॅलेंडर वर्षात १८० दिवस झाले की तिथले पण टॅक्स रेसिडेंट, आणि २०२४ पासून बाहेरून तिथे आणलेलं उत्पन्न तिथे करपात्र धरतात. दोन देशांत करार आहे, एकीकडे भरलेल्याचं क्रेडिट मिळतं, पण त्यासाठी कागद जमवायचे, दोन्हीकडे रिटर्न भरायचे, ही दगदग कोणत्याच बजेटमध्ये नसते.

पैसे पाठवताना एक बघा. एका आर्थिक वर्षात माणशी १० लाखांपर्यंत टीसीएस (पैसे बाहेर पाठवताना बँक आधीच कापते तो टॅक्स) नाही, त्याच्या वरच्या रकमेवर अशा खर्चासाठी २० टक्के. तो रिटर्नमध्ये परत मिळतो पण तोपर्यंत अडकतो. दीड लाख गुणिले बारा म्हणजे अठरा, दोघांनी आपापल्या खात्यातून पाठवले तर बसतं.

आणि भारतातली मेडिक्लेम परदेशात बहुतेक वेळा उपयोगाची नसते. ती बंद मात्र करू नका, परत आल्यावर वेटिंग पिरियड पुन्हा पहिल्यापासून.

निमाआक्का:
इन्शुरन्सवरून आठवलं. आमच्या बिल्डिंगमधला एक मुलगा, आपल्याकडचाच, स्कूटरवरून घसरला, मनगट मोडलं, प्लेट टाकली. इन्शुरन्सने एक बाट दिला नाही. का तर इंटरनॅशनल परमिटवर फक्त कारचा शिक्का होता, टू-व्हीलरचा नव्हता. आरटीओत परमिट काढतानाच बघून घ्या, तिथे हजार रुपयांचं काम असतं.

मांडवीकाठ:
सगळे इथून तिथे जायचं बोलतायत, मी उलटीकडून लिहितो. आमच्याकडे गोव्यात २०२० नंतर हेच झालं. दिल्ली-मुंबईचे लोक लॅपटॉप घेऊन आले, आसगाव-शिवोलीची जुनी घरं भाड्याने घेतली, त्यांना पन्नास हजार म्हणजे स्वस्त. माझा चुलतभाऊ तिथलाच, लग्न झाल्यावर वेगळं बिऱ्हाड करायला गावात खोली मिळाली नाही, शेवटी म्हापशाला गेला. लिस्बनला पण लोक याच कारणासाठी मोर्चे काढतात. आमच्या घरचे बरेच जण १९६१ च्या आधीच्या नोंदीवर पोर्तुगीज पासपोर्ट काढून तिकडे गेले, आता त्यांनाच तिथे भाडं परवडत नाही म्हणून गावाबाहेर राहतात. जाऊ नका असं नाही म्हणत. निमाआक्कांची मालकीण विजेला स्वतःचा दर लावते तेव्हा ती पण काहीतरी हिशोब करत असते एवढंच.

तिरकस_तात्या:
मांडवीकाठ, पहिल्यांदाच तुमच्याशी सहमत. नोंद घ्यावी.

पेनांगची_पाहुणी:
उशिरा येतेय, मुलाची परीक्षा होती. पेनांगला सव्वा वर्ष, नवरा, मी आणि मुलगा सात वर्षांचा. वाटसरूंच्या परिस्थितीशी सगळ्यात जुळणारं माझं असेल.

मलेशियाचा डीई रांताऊ पास, म्हणजे बाहेरचं काम इथे बसून करणाऱ्यांचा, आयटीवाल्यांना वर्षाला २४ हजार डॉलर उत्पन्न दाखवावं लागतं, म्हणजे एकवीस लाखांच्या वर रुपये. तुम्ही बसत असाल तर बघा, तुमच्या मिसेसचं काम कोणत्या गटात धरतील ते आधी विचारा कारण आयटीबाहेरच्यांना मर्यादा बरीच जास्त आहे. त्या तुमच्या डिपेंडंट म्हणून आल्या तर त्यांनी तिथून काम करायचं की नाही हे पण विचारा. फी मुख्य माणसाची हजार रिंगिट, घरच्यांची पाचशे-पाचशे. आम्हाला दोन महिने लागले.

रिंगिट २१ रुपये (२०२५ चा दर) धरा. तांजुंग तोकोंगला जुन्या बिल्डिंगमध्ये तीन बेडरूम १,९०० रिंगिट, समुद्र दिसतो म्हणजे बाथरूमच्या खिडकीतून मान वाकडी केली तर दिसतो. वीज-इंटरनेट ४००, शाळा महिन्याला १,८०० (केंब्रिजवाली, पण साधी, स्विमिंग पूल नाही म्हणून स्वस्त), खाणं १,८००, बस आणि ग्रॅब (टॅक्सी) ५००, इन्शुरन्स ६००. सात हजार. एक लाख सत्तेचाळीस हजार रुपये. तुमच्या दीड लाखात बसतं पण काठोकाठ, तिकिटं वेगळी.

हवा बहुतेक वर्ष चांगली. सुमात्रात जंगलं पेटली की इथे पण धुरकट होतं, २०१५ आणि २०१९ ला खूप झालं होतं म्हणतात, आम्ही आल्यापासून दोन-तीन दिवसच बघितलं. मुलाचा इनहेलर पुण्यात रोज होता, इथे गेल्या सात महिन्यांत काढला नाही. प्रत्येकाचं असंच होईल असं नाही, इथे दमटपणा आहे, त्याचा त्रास होणारे पण आहेत. गरमी बारा महिने, हिवाळा नाही, मला संक्रांतीला स्वेटर घालावासा वाटतो आणि रडू येतं.

घड्याळाचं: भारतातले साडेनऊ म्हणजे इथे बारा. सकाळ पूर्ण आपली, मुलाला सोडायचं, बाजार करायचा, पोहायचं, मग लॉगिन. पण भारतातली साडेसहाची मीटिंग म्हणजे रात्री नऊ. मुलगा झोपायच्या वेळेला मी म्यूटवर त्याला थोपटत असते. मिसेसचे क्लायंट अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरचे असतील तर त्यांचे सकाळी दहा म्हणजे इथे रात्री दहा-अकरा. दोघांचं मिळून संध्याकाळ नावाची गोष्टच उरत नाही, हे आधी ठरवा कोण काय सोडणार.

निमाआक्का:
पाहुणी, खाण्याचं पण लिही गं. इथे शाकाहारी म्हणजे युद्ध आहे. "माई साई नाम प्ला" म्हणजे फिश सॉस घालू नका हे मी पहिलं थाई वाक्य शिकले. "जे" लिहिलेली पिवळी पाटी दिसली की तिथे शुद्ध शाकाहारी, पण आपल्या जैनसारखं, कांदा-लसूण पण नाही. तूरडाळ वारोरोत बाजाराजवळ मिळते, जपून वापरते.

पेनांगची_पाहुणी:
आक्का, त्या बाबतीत आम्ही राजे आहोत हो. लिटल इंडियात तूरडाळ, हिंग, कढीपत्ता, नारळ खवलेला, सगळं. दुकानदार तमिळ, मला "अम्मा" म्हणतो, मी त्याच्याशी मोडक्या मलायमध्ये आणि तो माझ्याशी मोडक्या हिंदीत. ज्वारीचं पीठ मात्र नाही, ते आई आली की आणते, मागच्या वेळी विमानतळावर चार किलो पीठ उघडून दाखवावं लागलं तिला.

वाकडकर_वाटसरू:
सगळ्यांचे मनापासून आभार. अपडेट देतो. काल एचआरला मेल टाकला, देश आणि तारखा लिहून. आज उत्तर आलं: पॉलिसीप्रमाणे वर्षाला ६० दिवस, आधी टॅक्स टीमची मंजुरी. म्हणजे वर्षभराचा प्लॅन सध्या तरी संपला, रात्रपाळींनी सांगितलं नसतं तर मी तिकीट काढून मोकळा झालो असतो.

तरी मेमध्ये शाळेला सुट्टी लागली की मंजुरी घेऊन पेनांगला दोन महिने काढायचे असं चाललंय, मुलीच्या छातीला काय मानवतं तेवढं तरी कळेल. पाहुणी, दोन महिन्यांसाठी पास मिळतो का ते बघतो, तीन महिन्यांपासून पुढे असं वाचलं. बायकोचा एकच प्रश्न आहे आणि तो माझ्या सगळ्या प्रश्नांपेक्षा महत्त्वाचा आहे म्हणे: तिथे गॅस असतो की इंडक्शन? इंडक्शनवर फुलके होत नाहीत.

पेनांगची_पाहुणी:
पास ३ ते १२ महिन्यांचाच, मग तीनचा काढा आणि दोन वापरा. आमच्या बिल्डिंगमध्ये गॅस आहे, १४ किलोचा सिलिंडर, साडेसव्वीस रिंगिटच्या आसपास, फोन केला की बाईकवर घेऊन येतो. नवीन टॉवरमध्ये बऱ्याच ठिकाणी चालत नाही, विचारून घ्या. पोळपाट-लाटणं आणू नका, मिळतं. मिक्सर आणा, पण आपली तीन गोल पिनांची वायर इथल्या चौकोनी पिनांच्या सॉकेटला लागत नाही, अडाप्टर जड घ्या. मी हलका घेतला होता, इडलीचं पीठ वाटताना वितळला.